हाक मा

साकीनाक्याच्या तळघरात, जिथे पूर्वी साड्या रंगवायचे
आणि भर उन्हाळ्यातही एक भिंत निळी पाझरते,
तिथे मी परत आलेली पार्सलं लावते.
नको असलेली. मोठी झालेली. सुटे नव्हते म्हणून नाकारलेली.
आणि तिसऱ्या रॅकवर, पंख्याच्या पलीकडे,
पत्ता अपूर्ण.

पत्ता अपूर्ण नसतो हो.
माणसं सगळं लिहितात :
कमान सोडली की डावा हात, नळ ओलांडायचा,
मीटरच्या पेट्यांसमोर लोखंडी शिडी,
गिरणी बंद असली तर खालून हाक मारा.
चिठ्ठी छापणारं यंत्र ठरलेली अक्षरं घेतं
आणि पुढचं कापतं.
कुसुमावती हातिसकर, जरीमरी, यांचं पार्सल
तीनदा परत आलं,
तिन्ही वेळा शेवटी तेवढंच :
हाक मा

आत शिलाई मशीनची बॉबिनची डबी. नव्वद रुपये.
तिने ते मंगळवारी रात्री भरले,
आणि काचेवरून बोट उचलायच्या आत
पैसे कुठल्या कुठे जाऊन पोचले.
डबी मात्र भिवंडीत दोन रात्री झोपली,
टेम्पोत एक,
मग माझ्याकडे मुक्कामाला.

बाई बटवे शिवते. तेही इथूनच जातात,
मला तिचं नाव जाणाऱ्या मालावर पाठ आहे.
बटवा पोचला तरी तिचे पैसे सात दिवस अडकवून ठेवतात,
न जाणो, घेणारीला काठ नाही आवडला तर.
जाताना पैसा पाखरू,
येताना त्याच्या पायाला माती.

शरफुद्दीनला मी दोष देत नाही.
पोचवलं तर चौदा रुपये, शोधलं तर शून्य.
तो गल्लीच्या तोंडाशी गाडी लावतो,
फोन लागत नाही, तो बटण दाबतो.
चौथ्या दिवशी मी बॉलपेन काढलं
आणि चिठ्ठीवर, चिकटपट्टीच्या वरून,
जेमतेम उमटेल असं लिहिलं :
रा.

तो हसला. गेला.

पुढचं त्याने सांगितलेलं.
शिडीखाली उभा राहून त्याने हाक मारली,
पण गिरणी चालू.
बाजरी पडत होती, पट्टा फडफडत होता,
त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना.
गिरणीवाला पाठमोरा, कानाला फडकं बांधलेला.
दोन हाका, तीन. वर खिडकीत फक्त सुकत घातलेला परकर.
तो परतणारच होता,
तेवढ्यात खांबावर डकवलेला चौकोन दिसला.
त्याने फोन धरला आणि भरला
एक रुपया.

कोनाड्यातली पेटी गिरणीच्याही वरच्या पट्टीत ओरडली :
एक रुपया प्राप्त झाला.

गिरणीवाल्याने मान वळवली.
हजार माणसं ओरडली तरी जी वळत नाही, ती.
एक रुपयाचं कोण दळतंय रे?
शरफुद्दीनने पार्सल वर धरलं.
पट्टा थांबला. गल्ली एकदम रिकामी झाल्यासारखी शांत,
आणि पिठाने माखलेला तो माणूस
शिडीकडे तोंड करून ओरडला :
कुसुमे, तुझी डबी!

परवा तिच्याकडून चाळीस बटवे आले. रवाना केले.
पाठवणाऱ्याच्या पत्त्यात अजून तसंच,
हाक मा.
सावर्डेकर साहेबांना सांगितलं, अक्षरं वाढवा.
ते म्हणाले, वर कळवतो.
वर म्हणजे कुठे, कोणत्या शिडीने, हे मी विचारलं नाही.

शरफुद्दीनने त्या रुपयाचा खर्च मागितला.
ॲपमध्ये पेट्रोलला रकाना आहे, पंक्चरला आहे,
हाकेला नाही.
मीच पाठवला त्याला.
माझ्या टेबलावर पेटी नाही,
त्यामुळे कुणी काही ओरडलं नाही,
फक्त तळघराच्या दुसऱ्या टोकाला
त्याने मान वळवली.